ओली घिसाई

संपादकबाई माझ्या शेडमध्ये आल्या, तेव्हा मी एका निळ्या गिटारीची कड अंगठ्यानं चाचपत बसलो होतो. त्या बॉडीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. खुश झाल्या. म्हणाल्या, ‘‘काका, ही चमक कशी येते त्यावर आमच्या दिवाळी अंकात लिहा ना. छान, हलकंफुलकं.’’

मी म्हणालो, लिहीन. पण छानचं वचन देत नाही आणि हलकंफुलकं तर होणारच नाही. ज्या कामात माझा जोडीदार गेला, त्या कामाच्या चमकेवर गोड गोड लिहायला माझा हात वळत नाही. बाईंनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘जसं येईल तसं लिहा.’’ तर हे जसं आलं तसं. ज्यांना फराळासोबत काही गोड वाचायचं असेल, त्यांनी पुढचं पान उलटावं.

मी मधुकर. घर कोष्टीपुऱ्यात. वडिलांचा हातमाग होता. सुताला खळ लावली की ते ताणलेल्या ताण्यावरून उलटा हात फिरवायचे आणि कुठे खळ कमी, कुठे जास्त, ते न पाहता सांगायचे. मी कामाच्या वयाचा झालो तोवर माग भंगारात गेला होता. मी एका गॅरेजात स्कूटरच्या टाक्यांना डुको रंग मारायला लागलो. तिथून इतवारीच्या मागच्या गल्लीतल्या गिटारीच्या वर्कशॉपात गेलो, कारण तिथल्या मालकांना लाकडावर स्कूटरसारखी चमक पाहिजे होती आणि लाकडाचा एकही पॉलिशवाला ती देऊ शकत नव्हता. पुढे सगळं आयुष्य त्या चमकेतच गेलं.

काम समजून घ्या. अवघड नाही.

गिटारीची लाकडी बॉडी आधी सपाट करायची. तिच्यावर सीलर मारायचा, म्हणजे लाकडाची बारीक तोंडं बंद करणारं पातळ अस्तर. त्यावर रंग. रंगावर पारदर्शक लॅकरचे हात. हे लॅकर फवाऱ्यानं मारतात आणि फवाऱ्याचं लॅकर कधीच काचेसारखं बसत नाही. त्यावर बारीक बारीक फुगवटे येतात. आम्ही नागपूरचे, आम्ही म्हणतो, ‘संत्रं आलं’. मे महिन्यात तर येतंच. इथल्या उन्हात लॅकर बॉडीवर पोचायच्या आधी हवेतच अर्धं वाळतं. हे लॅकर नीट कडक होऊ द्यायचं आणि मग ते संत्रं सोलायचं. त्या सोलण्याला घिसाई म्हणतात.

घिसाईला काळा वॉटर पेपर लागतो. तो पाण्यात भिजत ठेवायचा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकायचा. कागद रबराच्या ठोकळ्याला गुंडाळायचा, कारण नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या जागी लाटा उमटतात आणि उजेडात धरली की गिटार नहराच्या पाण्यासारखी दिसते. आधी जाडा कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. वरून वाटतं, नासली. सगळी बॉडी राखेच्या रंगाची होते. त्यानंतर कंपाउंडचा, म्हणजे चमक आणणाऱ्या लेपाचा, हात मारला की आतून आरसा वर येतो. पाण्यामुळे कागद भरत नाही आणि भुकटी उडत नाही. भुकटीचं दूध होतं, ते फडक्यानं पुसून बादलीत पिळायचं.

लाकूड नासतं ते दोन ठिकाणी, कडेवर आणि भोकात. कडेवर लॅकर पातळ बसतं. ठोकळा एकदा जास्त फिरला की रंग जातो आणि खालचं लाकूड डोकावतं. मग कितीही हळहळा. म्हणून कडा शेवटी घ्यायच्या, जुन्या कागदानं, हात हलका ठेवून. दुसरं भोकांचं. स्क्रूच्या भोकात लाकूड उघडं असतं, तहानलेलं. पाणी आत गेलं की ते फुगतं, भोवतीचं लॅकर उचलतं, पांढरं कडं पडतं आणि थोड्या दिवसांनी तडा जातो. त्यावर उपाय एवढाच: भोकं मेणानं बुजवायची, मोठ्या खाचांवर टेप मारायचा, कागद ओला ठेवायचा पण निथळलेला, पाणी साचलं दिसलं की तिथल्या तिथे टिपायचं. भोकाच्या अगदी जवळ पाणी नकोच, तिथे टर्पेंटाइनचा हात द्यायचा. त्यानं लाकूड फुगत नाही. संपलं. कुलूप-किल्लीतलं काही नाही यात.

तरी लोक करायचं ते करतातच. मनीषनगरचा एक ऑर्केस्ट्रावाला एका भर उन्हाळ्यात माझ्याकडे गिटारीची बॉडी घेऊन आला. ती कपड्यात गुंडाळली होती आणि कपड्यातून पाणी ठिबकत होतं.

‘‘हे काय गा?’’ मी विचारलं.

‘‘ओली घिसाई करायची होती, काका. तं म्हटलं, आधी भिजवून घेऊ.’’

‘‘कुठी भिजवली?’’

‘‘कूलरमंदी.’’

कूलरच्या टाकीत त्यानं गिटार बुडवली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दोन फळ्यांचा जोड उकलला होता, रंगाचे पोपडे सुटले होते आणि सगळ्याला वाळ्याचा मस्त वास येत होता.

‘‘हरभरे आहेत का बे हे? मोड यायची वाट पाहून राहिला होता का?’’

तो ओशाळून हसला, मग मीही हसलो. ती बॉडी काही वाचली नाही. त्यानं मग तिला घड्याळ बसवलं आणि भिंतीला लावली. अशा गिऱ्हाइकांवर मी ओरडतो, पण तो राग चहा येईपर्यंतचा. लाकूड गेलं, दुसरं आणता येतं. ज्या रागाबद्दल लिहायला बसलो तो वेगळा आहे.

वर्कशॉपच्या मालकांना आम्ही अरविंदसाहेब म्हणायचो. खरं नाव लिहीत नाही. ते अजून आहेत आणि मला त्यांची बदनामी करायची नाही, जे झालं ते सांगायचं आहे. माणूस दिलदार. स्वतः उत्तम गिटार वाजवायचे. नवी गिटार तयार झाली की आमच्यातच स्टूल घेऊन बसायचे, तारा लावायचे आणि एखादी धून वाजवून म्हणायचे, ‘‘बघा, हा तुमचा आवाज आहे. तुम्ही कामगार नाही, कलाकार आहात.’’ कधी आवाज चढवला नाही. लग्नकार्याला यायचे, जमिनीवर बसून जेवायचे. अशा माणसावर रागावणं फार कठीण असतं. मला जमलं.

माझ्या शेजारच्या पाटावर गजानन बसायचा. गजू. तो कन्हान नदीकाठच्या खापा गावचा, तोही कोष्ट्याचाच. घरचे खाप्याला, हा इतवारीत एका खोलीत राहायचा आणि सुट्टीला घरी जायचा. वर्कशॉपातल्या सगळ्या कडा गजूच्या असायच्या. आम्ही पृष्ठभाग घासायचो आणि कडा त्याच्यासाठी सोडायचो. काम करताना तो सतत शीळ वाजवायचा. सूर अगदीच बेकार. साहेब हसून म्हणायचे, ‘‘गजानन, बाबा, तू घास. गाणं माझ्याकडे राहू दे.’’

आधी आमच्याकडे ओलीच घिसाई होती. मग ऑर्डरी वाढल्या. बाहेरगावच्या दुकानांतून मागणी यायला लागली, आणि एका घाईच्या हंगामात भोकं न बुजवताच बऱ्याच बॉड्या घासल्या गेल्या. व्हायचं तेच झालं. गिटारी परत आल्या, भोकांभोवती पांढरी कडी, तडे. साहेबांना ते फार लागलं. त्यांनी एक बॉडी मांडीवर घेतली, तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘‘पाणी हा लाकडाचा शत्रू आहे. आजपासून माझ्या वर्कशॉपात पाणी बंद.’’

बादल्या उचलल्या गेल्या. त्यांच्या जागी हातात धरायची विजेची घासमशीन आली. कोरडा कागद लावायचा आणि बटण दाबायचं. काम झपाट्यानं उरकायला लागलं. आणि सगळीकडे भुकटी झाली. लॅकरची, रंगाची, सीलरची भुकटी, मैद्याहून बारीक. डब्यातल्या पोळीवर ती. चहावर तिची साय. घरी गेल्यावर आंघोळीचं पाणी पांढरं. आम्ही उन्हात बांधतो तो दुपट्टा नाकातोंडाला बांधायचो. संध्याकाळी सोडला तर तो आतूनही पांढरा असायचा.

मी साहेबांना म्हटलं, पाण्याचा दोष नाही, घाईचा आहे. ते म्हणाले, ‘‘मधुकर, लाकूड माझं आहे. मी धोका पत्करणार नाही.’’

तोवर गजूला खोकला लागला होता. पावसाळा गेला तरी गेला नाही, हिवाळा गेला तरी गेला नाही. शीळ थांबली. मी विचारलं, ‘‘काहून बे, गाणं विसरला का?’’ तो म्हणाला, ‘‘शीळ वाजवाले गेलो का मधातच तुटते.’’ आणि बटण दाबलं.

मग मी एक काम केलं. रद्दीतली एक बॉडी घेतली, वर सांगितलं तशी भोकं मेणानं बुजवली, खाचांना टेप मारला आणि साहेबांच्या समोर, त्यांच्या टेबलाजवळ बसून ती ओली घासली. आरसा आणला. मग मुद्दाम तिच्यावर ओलं फडकं टाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हातानं मेण काढायला लावलं. लाकूड कोरडं ठणठणीत होतं. कुठे कडं नाही, तडा नाही. गजू, रऊफभाई, सगळे हात पुसत भोवती उभे होते. रऊफभाई म्हणजे आमच्यातला जुना सुतार, बॉड्या कापणारा.

साहेबांनी बॉडी उजेडात फिरवून फिरवून पाहिली. त्यांचे डोळे खरंच भरून आले. ‘‘सुंदर,’’ ते म्हणाले. ‘‘मधुकर, तुझ्या हातात जादू आहे.’’

‘‘म्हणजे पाणी सुरू करायचं, साहेब?’’

त्यांनी बॉडी अलगद खाली ठेवली. ‘‘पण याला वेळ किती लागतो, बघ. मशीनवर एका दुपारी जेवढ्या बॉड्या होतात, तेवढ्या तुला कितीतरी दिवस पुरतील. ऑर्डर कशा निघतील?’’

म्हणजे लाकडाचा प्रश्न नव्हताच. कधीच नव्हता. लाकूड निमित्त होतं. मी म्हणालो, ‘‘साहेब, लाकूड तुमचं आहे, खरं आहे. पण छाती गजूची आहे.’’

गजूनंच मला मागे ओढलं. ‘‘जाऊ दे गा,’’ म्हणाला, आणि तेवढं बोलताना खोकला.

साहेब दुखावले. रागावले नाहीत, दुखावले. ‘‘मी तुमच्यासाठी काय कमी केलं?’’ असं म्हणाले. या प्रश्नाचा मला आजही संताप येतो. कारण उत्तर ‘काहीच नाही’ असं होतं. आजारपणात गाडी, पोरांच्या शाळेसाठी धावपळ, सणाला मिठाई. सगळं केलं. पाण्याची एक बादली तेवढी ठेवू दिली नाही.

मी त्या आठवड्यातच काम सोडलं आणि घराच्या मागच्या अंगणात पत्रे टाकून शेड केली. गजूला म्हटलं, चल माझ्यासंगं. तो म्हणाला, ‘‘पोरीच्या कॉलेजाच्या वक्ताले साहेबानं शब्द टाकला होता. असं तोंड फिरवून कसा निघू?’’

‘‘तुले मारून राहिला तो.’’

‘‘मनानं चांगला आहे गा माणूस.’’

मी म्हटलं, मन तुझ्या फुप्फुसात जात नाही, भुकटी जाते. तो हसला. हसता हसता वाकला आणि भिंतीला धरून उभा राहिला.

पुढचं मला तुटक तुटक कळत गेलं. जिना चढताना मध्येच बसावं लागतं. मग आडवं झोपता येत नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा मीही गेलो होतो. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. छातीचा फोटो उजेडावर धरून त्यानं दाखवलं. ‘‘हाताला घट्टे पडतात ना, तसे फुप्फुसाला पडलेत. हे मऊ होत नाहीत. काम काय करता?’’

गजू म्हणाला, ‘‘गिटारी चमकवतो.’’

डॉक्टरनं विचारलं, त्यात भुकटी असते का? गजूनं माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरला सगळं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि म्हणाला, आता भुकटीत एक दिवसही नको. साहेबांनी मग गजूला पॅकिंगमध्ये बसवलं. पॅकिंगची खोली म्हणजे घिसाईच्या खोलीला लागून. मध्ये एक पडदा.

शेवटी तो खाप्याला गेला. मी भेटायला गेलो तेव्हा उन्हाळ्याची सुरुवात होती. कन्हानचं पात्र अर्धं वाळूचं झालेलं. अंगणात निंबाखाली खाट होती, त्यावर तो उशांना टेकून बसलेला, नाकाला नळी. मंदावहिनी, त्याची बायको, दारात जवस निवडत होती. मला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पाणी आणायला आत गेली.

‘‘काहून आला गा इतक्या उनात?’’ गजू म्हणाला. प्रत्येक दोन शब्दांनंतर तो थांबत होता.

मी इकडचं तिकडचं बोललो. त्यानं माझा हात ओढून उलटा केला आणि पाहिला. सतत पाण्यात काम करून माझी बोटं भेगाळलेली असतात.

‘‘भेगा पडल्या,’’ तो म्हणाला.

‘‘पडल्या. पाण्यानं.’’

‘‘बरं आहे. भेगाईले मलम लावता येते.’’

मला राहवलं नाही. मी अंगणातच साहेबांच्या नावानं वाटेल ते बोलायला लागलो. मंदावहिनी तांब्या घेऊन दारात थांबली. गजूनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू, तुकड्या तुकड्यात म्हणाला, ‘‘मले राग नाई येऊन राहिला गा. रागाले दम लागते. मह्याजवळ नाई.’’ थोडा थांबला. ‘‘तुह्याजवळ आहे. तू कर.’’

लोक मला म्हणतात, मधुकरराव, वय झालं, आता शांत व्हा, रामनाम घ्या. त्यांना मी काय सांगू? हा राग माझ्या एकट्याचा नाही. माझ्याकडे दिलेला आहे.

पावसाच्या आधीच गजू गेला.

साहेबांनी वर्कशॉपच्या पुढच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. गजूचा मोठा फोटो, हार, अगरबत्ती. फोटोशेजारी स्टँडवर त्यानं कडा घासलेली एक लाल गिटार. दुकानदार आले होते, काही वाजवणारे आले होते. मंदावहिनी पोरीसोबत पुढच्या रांगेत बसली होती. मी मागे, रऊफभाईजवळ.

साहेब बोलायला उभे राहिले. सुंदर बोलतात ते. गजानननं गिटारीसाठी आयुष्य वेचलं, म्हणाले. त्याच्या बोटांना देवाचा स्पर्श होता, म्हणाले. या लाल मॉडेलला आम्ही ‘गजानन’ हे नाव देणार आहोत, म्हणजे तो सुरांत अमर राहील. लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी डोळे पुसले. मी दातांवर दात धरून बसलो होतो. इथवर मी बसलोच असतो. मेलेल्याच्या सभेत तमाशा करू नये, एवढं मलाही कळतं.

मग साहेबांनी आवाज खाली आणला आणि तरुण कामगारांकडे पाहून म्हणाले, ‘‘गजाननच्या जाण्यातून तुम्ही एक शिका. तब्येतीला जपा. तो खर्रा खायचा, ही तंबाखू-सुपारी. मी किती वेळा सांगितलं होतं...’’

मी उभा राहिलो होतो, ते मला स्वतःच्या आवाजानंच कळलं.

‘‘खर्रा तोंडात जातो, साहेब!’’

सगळ्यांची डोकी वळली.

‘‘खर्र्यानं तोंड सडते. त्याचं तोंड ठीक होतं, छाती गेली. छातीत खर्रा नव्हता, तुमचं लॅकर होतं. डॉक्टरनं मह्यासमोर सांगतलं. तुमच्यासमोर मी पाण्यानं घासून दाखवलं होतं. लाकडाले काही झालं होतं का? सांगा ना सगळ्याईले, झालं होतं का?’’

साहेब म्हणाले, ‘‘मधुकर, ही जागा नाही...’’

‘‘हेच जागा आहे. याच्या मागच्याच खोलीत झालं ते.’’

दोन दुकानदार मला खाली बसवायला उठले. मला वाटलं, आता इथून बाहेर काढतील, आणि मी तयार होतो. तेवढ्यात मंदावहिनी उठली. ती कधी चार लोकांत बोललेली मी पाहिली नव्हती. पदर सावरला आणि साहेबांकडे तोंड करून अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘‘साहेब, त्याईचं नाव कोणत्याच गिटारले देऊ नका.’’

‘‘वहिनी, हा सन्मान...’’

‘‘ते गिटार कोणीतरी कोरडीच घासन ना? त्याच्यावर त्याईचं नाव नको. अन् खर्र्याचं म्हणता, तं महा सासराबी खर्रा खात होता. मागावर बसून म्हातारा होऊन मेला.’’

एवढं बोलून ती पोरीचा हात धरून निघाली. फोटोसमोरून जाताना थांबली, हार टेबलावरच राहू दिला आणि फोटो उचलून काखेत घेतला.  स्टँडवर ती लाल गिटार आणि टेबलावर नुसता हार. मीही तिच्यामागे निघालो. गल्लीच्या तोंडाशी धान्याची हातगाडी अडकली होती, तिथे आम्ही तिघं उभे राहिलो. मंदावहिनीनं काखेतला फोटो छातीशी घेतला. म्हणाली, ‘‘भाऊजी, मी जास्त बोलली का?’’ मी म्हणालो, ‘‘कमी बोलल्या.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते रऊफभाईनं सांगितलं. सगळे कामावर आले, पण घिसाईच्या खोलीत कुणी गेलं नाही. रऊफभाईनं मशीनची वायर काढून गुंडाळली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, ‘‘साहब, पानी शुरू करो, नाई तं आम्ही बाहेर बसतो.’’ आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. त्यांच्यामागे सगळे. काही दिवस असंच चाललं. साहेब आधी समजावत होते, मग रुसले. पण कॉलेजांचे कार्यक्रम जवळ आले होते, दुकानं फोनवर फोन करत होती. जी घाई गजूच्या जिवावर उठली होती, तिच्यापुढे साहेब नमले. घिसाईच्या खोलीत पुन्हा नळ आला, दगडी ओटा आला, भिंतीला हवा ओढणारा मोठा पंखा लागला.

आता हेच साहेब मोबाइलवरच्या मुलाखतीत सांगतात, ‘‘पाण्यातली हातघिसाई ही आमच्या वर्कशॉपची जुनी परंपरा आहे.’’ मी ते ऐकलं तेव्हा जेवत होतो. ताट सरकवून उठलो. परंपरा! एक माणूस मातीत गेला, त्याच्यावर पाय देऊन उभी राहिलेली परंपरा. गजूचं नाव मात्र त्यांनी कुठल्या गिटारीला दिलं नाही, एवढं मंदावहिनीचं ऐकलं.

पण तेव्हा, ओटा नवीन असताना, एक अडचण आली. मशीनवर वाढलेल्या कामगारांना ओली घिसाई येत नव्हती. ती येणारे बाकीचे जुने केव्हाच काम सोडून गेले होते; राहिलो होतो आम्ही दोघं. एक गेला होता आणि दुसरा मी. साहेबांनी रऊफभाईजवळ निरोप पाठवला, मधुकरला म्हणावं, शिकवून जा.

मी म्हणालो, त्यांच्या दारात पाय ठेवणार नाही. दोन दिवस घरात आदळआपट केली. माझी बायको कुसुम कंटाळली. म्हणाली, ‘‘तुमी काय साहेबाचं तोंड पाहाले चालले का? ज्याईले शिकवाचं आहे त्याईले शिकवा अन् घरी या.’’

गेलो. साहेब दारात उभे होते. हात पुढे केला. मी दोन्ही हातांत मेणबत्त्या आणि वॉटर पेपर धरून होतो; ते खाली ठेवावे असं मला वाटलं नाही. सरळ आत गेलो.

भोकं कशी बुजवायची ते दाखवलं. कागद किती निथळवायचा ते दाखवलं. कड कशी सोडून द्यायची आणि शेवटी कशी घ्यायची ते दाखवलं. ते दाखवताना मला जरा वेळ लागला, कारण ते माझं काम नव्हतं, गजूचं होतं. रऊफभाई सुतार, त्यांना घिसाईशी देणंघेणं नव्हतं, तरी ते पहिले ओट्याशी उभे राहिले. म्हणाले, मलाही करू दे.

दुपारभर त्यांनी एक बॉडी घासली. पाणी हलक्या हातानं, कागद गोल न फिरवता सरळ, मध्ये मध्ये टिपत. शेवटी कंपाउंड मारून पुसली. आरसा आला. रऊफभाईंनी भोकांतलं मेण खरवडून आत करंगळीनं चाचपलं. लाकूड कोरडं होतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ओट्यावर पांढरं पाणी साचलं होतं, बाकी काही नव्हतं. कुणाच्या भुवया पांढऱ्या नव्हत्या. कुणी खोकत नव्हतं.

‘‘मधुकरभाई,’’ ते म्हणाले, ‘‘बस? इतकंच होतं?’’

मी बादली उचलली, ते पांढरं पाणी मोरीत ओतलं.

‘‘हाव,’’ मी म्हणालो. ‘‘इतकंच होतं.’’